पॉलिश करूनही महिन्याभरात परत येणाऱ्या रेषा: गाडीच्या रंगासाठी पॉलिश कसे निवडावे

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. गडद रंगाची गाडी सर्व्हिसिंगबरोबर रबिंग-पॉलिश करून घरी येते तेव्हा आरशासारखी चमकत असते. दोन-तीनदा धुऊन झाली की बॉनेटवर आणि डिकीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पुन्हा दिसू लागतात, आणि मालक आणखी ‘कडक’ पॉलिशच्या शोधाला लागतो. माझ्या गडद निळ्या गाडीच्या बाबतीत हे चक्र सलग तीन वर्षे चालले. दर वर्षी दिवाळीच्या आधी पैसे मोजायचे, दिवाळीत गाडी सुंदर दिसायची आणि संक्रांत येईपर्यंत हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात सगळी जाळी जशीच्या तशी वर आलेली असायची. चौथ्या वर्षी मी बाटली बदलण्याऐवजी आधी कारण शोधायचे ठरवले. नागपुरात ज्यांना हाच त्रास होतो त्यांच्यासाठी सविस्तर लिहीत आहे, कारण कोणते पॉलिश घ्यावे हा या प्रकरणातला शेवटचा प्रश्न आहे आणि आपण नेमकी तिथूनच सुरुवात करतो.

रेषा गेल्या होत्या की झाकल्या होत्या?

‘पॉलिश’ या एकाच शब्दाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत अतिशय बारीक घर्षक कण असतात. ते रंगावरच्या पारदर्शक थराचा अगदी पातळ पापुद्रा घासून काढतात आणि ओरखड्याच्या कडा सपाट करतात. दुसरीत मुख्यतः तेल, मेण किंवा सिलिकोन असते. ते ओरखड्याच्या खाचेत भरून बसते, त्यामुळे प्रकाश विखुरत नाही आणि रेष दिसेनाशी होते. दुसऱ्या प्रकारात फसवणूक असतेच असे नाही, लग्नकार्याच्या आदल्या दिवशी तो उपयोगीही पडतो. पण शाम्पूने ते भरण धुऊन निघाले की रेष होती तिथेच असते. अनेक उत्पादनांत दोन्ही गुण थोडे थोडे मिसळलेले असतात, म्हणून नुसत्या चमकेवरून काय घडले ते ओळखता येत नाही.

ओळखण्याची पद्धत सोपी आहे. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन ते चार भाग बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर स्प्रेच्या बाटलीत एकत्र करावे, नुकत्याच पॉलिश केलेल्या आणि पूर्ण थंड असलेल्या पत्र्यावर हातभर जागेत फवारावे आणि स्वच्छ मायक्रोफायबरने हलकेच पुसावे. हाताला लावायचे सॅनिटायझर यासाठी वापरू नये, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि तेही पत्र्यावर थर सोडते. पुसलेल्या जागेवर मोबाइलचा दिवा तिरपा धरून पाहावे. तेवढ्याच जागेत जाळी परत दिसली, तर रेषा झाकल्या गेल्या होत्या. माझ्या गाडीवर ही चाचणी पॉलिश होऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी केली आणि पुसलेला चौकोन इतका स्पष्ट वेगळा दिसला की तीन वर्षांचा खर्च कुठे गेला ते एका मिनिटात कळले.

येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. रेषा गोल दिसतात म्हणून कोणी गोल गोल पुसल्याने त्या पडल्या, असे मानले जाते. वास्तविक पत्र्यावर सर्व दिशांना हजारो सूक्ष्म ओरखडे असतात. त्यांपैकी जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे पडतात तेच डोळ्याकडे प्रकाश परावर्तित करतात, म्हणून प्रतिबिंबाभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. आपण जागा बदलली की वर्तुळेही आपल्याबरोबर सरकतात. त्यामुळे ‘गोल नको, सरळ पुसा’ हा सल्ला पुरेसा नाही; कोरड्या धुळीवर सरळ पुसले तरी ओरखडे पडतातच.

रेषा पडतात कुठून?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि यात नागपूरचा स्वतःचा वाटा मोठा आहे. वाळूतले क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोजपट्टीवर ७ वर येते, काचेपेक्षाही कठीण. गाडीवरचा पारदर्शक थर त्यापुढे अगदी मऊ. कन्हानची वाळू, बांधकामाची गिट्टी-चुरी, सिमेंट रस्त्यांच्या कामातली पूड आणि शहराच्या उत्तरेला कोराडी-खापरखेडा भागातल्या औष्णिक वीज केंद्रांची राख, यांतले काही ना काही आपल्या गाडीवर रोज बसते. राखेचे कण म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असलेले काचेसारखे सूक्ष्म गोळे. हाताला ती पावडरीसारखी मऊ लागते, म्हणून निरुपद्रवी वाटते. सकाळी कोरड्या फडक्याने किंवा लांब दांड्याच्या डस्टरने गाडी झटकून ‘स्वच्छ’ करणे म्हणजे ही सगळी पूड रंगावर दाबून फिरवणे होय.

आमच्या इमारतीत गाड्या पुसायला येणारे भाऊ एका बादलीत आठ-नऊ गाड्या करतात. त्यांचा दोष नाही; तेवढ्या वेळात आणि तेवढ्या पैशांत आपणच त्यांच्याकडून रोज गाडी चकचकीत हवी म्हणतो. तिसऱ्या गाडीपर्यंत त्या पाण्यात बोटभर गाळ असतो आणि फडके तोच गाळ घेऊन पुढच्या बॉनेटवर जाते. काही ठिकाणी चमक यावी म्हणून पाण्यात थोडे डिझेल किंवा रॉकेल टाकण्याचीही पद्धत आहे. त्याचा तेलकट थर दोन तास रेषा झाकतो आणि दिवसभर धूळ धरून ठेवतो. मी भाऊंशी बोलून महिन्याचे पैसे तेच ठेवले, रोजचे पुसणे बंद केले आणि त्याऐवजी आठवड्यातून एकदा माझ्याच दोन बादल्यांनी, माझ्याच मायक्रोफायबरच्या मिटने (धुण्याच्या हातमोज्याने) धुवायचे ठरवले. त्यांना ते आनंदाने पटले. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत मिट खळबळायला साधे पाणी, आणि दोन्हींच्या आधी पाइपने किंवा मगाने भरपूर पाणी ओतून सुटी धूळ खाली पाडणे, इतकीच ती पद्धत आहे. वरून खाली यावे, आणि दारांचा खालचा भाग व बंपर सर्वांत शेवटी धुवावेत. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिने आधीचे मेण निघून जाते आणि रबर, प्लास्टिक कोरडे पडते.

पाण्याकडेही लक्ष द्यावे. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात सुकले की पांढरे ठिपके उरतात. नळाचे पाणी पेंच आणि कन्हानचे असते, ते मिळत असेल तर गाडीसाठी तेच भरून ठेवणे मला सोयीचे वाटते. उन्हाळ्यात तर याहून मोठा उपद्रव कूलरचा असतो. कूलरच्या टाकीतले पाणी सतत वाफ होऊन आटते, क्षार मात्र मागे राहतात; त्यामुळे मे महिन्यात खिडकीतल्या कूलरमधून खाली उभ्या गाडीवर जे थेंब पडतात त्यांत नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त क्षार असतात. ते ठिपके कोरड्या फडक्याने घासून काढण्याचा मोह होतो आणि ठिपक्यांच्या जागी जाळी येते. ताजे ठिपके समप्रमाणात पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने, सावलीत, मिनिटभर भिजवून निघतात. लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. दसऱ्याच्या पूजेचेही एक सांगतो: बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्याआधी ती जागा धुऊन घ्यावी, आणि नंतर कुंकू कोरडे पुसण्याऐवजी पाण्याने उतरवावे. गेल्या दसऱ्यापासून आमच्याकडे तसेच करतो.

धुण्याची पद्धत न बदलता कितीही उत्तम पॉलिश आणले तरी रेषा परत येतील, आणि त्या खरोखर नव्या असतील. म्हणून आधी महिनाभर धुणे सुधारावे आणि मगच खरेदीचा विचार करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

घासायला शिल्लक किती आहे?

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वरपर्यंतच्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरतात, म्हणजे तो केसाहूनही पातळ. जाड कंपाउंडची, म्हणजे सर्वांत जाड घर्षक कणांच्या पॉलिशची, एक फेरी यातले काही मायक्रॉन नेते, बारीक पॉलिश त्याहून बरेच कमी. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असतात. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि गाड्या दिवसभर उघड्यावर उभ्या असतात, तिथे हा थर पातळ करणे महागात पडते. छतावर आणि बॉनेटवर रंगाचे पोपडे निघालेल्या जुन्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. एकदा ते सुरू झाले की कोणतेही पॉलिश उपयोगाचे नाही, पॅनेल पुन्हा रंगवावे लागते. म्हणूनच दर वर्षी रबिंग करून घेण्याची सवय मला आता चुकीची वाटते.

जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. अवतीभोवतीच्या पॅनेलपेक्षा एखाद्या ठिकाणी आकडा बराच मोठा आला, विशेषतः २०० च्या वर गेला, तर तो भाग पूर्वी रंगवलेला असण्याची शक्यता असते. आकडा संशयास्पद रीतीने लहान आला तर तिथे पॉलिशर, म्हणजे पॉलिश घासायचे यंत्र, लावूच नये. साधे यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, हेही लक्षात ठेवावे. यंत्र नसेल तर कडा, घड्या आणि दारांच्या वळणांवर रंग सर्वांत पातळ असतो एवढे गृहीत धरून तिथे पट्टी चिकटवून ठेवावी.

ओरखड्याचा प्रकार ठरवावा. नख आडवे फिरवल्यावर अडकत नसेल तर तो वरच्या थरातला आहे आणि पॉलिशने कमी होईल. नख अडकत असेल तर तो पूर्ण घालवण्याइतका थर बहुधा शिल्लक नसतो. त्याच्या कडा बोथट करून त्याची नजरेतली तीव्रता कमी करणे एवढेच शहाणपणाचे. आतला पांढुरका प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर पॉलिशचा संबंधच नाही; गाडीच्या प्लेटवरचा रंगाचा क्रमांक पाहून टच-अप रंग लावावा, नाहीतर पावसाळ्यात तिथून गंज धरतो. रोटरी मशीनने, म्हणजे नुसते गरगर फिरणाऱ्या पॉलिशरने, घाईत काम केल्यावर उन्हात जे सरकते, धुरकट पट्टे दिसतात ते ओरखडे वेगळे. ते बारीक पॉलिश आणि मशीनला लावायच्या मऊ पॅडने निघतात, त्यावर पुन्हा कंपाउंड मारणे म्हणजे दुखणेच औषध म्हणून देण्यासारखे आहे.

आता उत्पादनांविषयी

लेबलवर काय लिहिले आहे यापेक्षा बाटलीत घर्षक कण आहेत का आणि किती जाड आहेत, हे विचारावे. कंपाउंड सर्वांत जाड, पॉलिश त्याखालोखाल, फिनिशिंग पॉलिश सर्वांत बारीक. ग्लेझ म्हणून जे मिळते ते प्रामुख्याने भरण. वॅक्स आणि सीलंट केवळ संरक्षणासाठी असतात, त्यांनी ओरखडा निघत नाही. सिरॅमिक कोटिंगनेही निघत नाही. उलट खालची जाळी त्याखाली तशीच बंद होते, म्हणून कोटिंग करायचेच असेल तर आधी रंग दुरुस्त झाला की नाही ते वर सांगितलेल्या अल्कोहोलच्या चाचणीने स्वतः पाहावे.

घर्षक कणही दोन तऱ्हांचे असतात. काही उत्पादनांतले कण घासता घासता फुटून बारीक होत जातात, त्यामुळे त्यांना ठरलेला वेळ द्यावा लागतो. मध्येच थांबले तर काम अर्धवट राहते. मेग्वायर्स कंपनीच्या एम १०५ आणि एम २०५ या जोडीतले कण पहिल्यापासूनच अतिसूक्ष्म आणि एकसारखे असतात, ते फुटण्यावर काम अवलंबून नसते. क्रमांकांच्या बाबतीत दुकानात हमखास गोंधळ होतो. मेन्झेर्ना कंपनीच्या बाटल्यांवर आकडा जितका मोठा तितके पॉलिश बारीक: ४०० जाड, २५०० मधले, ३८०० अगदी बारीक. मेग्वायर्सचे १०५ आणि २०५ हे केवळ उत्पादनाचे क्रमांक आहेत. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत, आणि पॉलिश पेपरच्या नंबराशी तर मुळीच नाही.

घरी हाताने करायचे असेल तर मेग्वायर्सच्या अल्टिमेट कंपाउंडसारखे, हातानेही चालणारे उत्पादन आणि फोमचा अॅप्लिकेटर पुरतो. दाराच्या मुठीमागचे नखांचे ओरखडे आणि एखादी सुटी रेष यांवर त्याचा उपयोग चांगला होतो. संपूर्ण बॉनेटवरची जाळी मात्र हाताने एकसारखी निघत नाही, आणि दमलेला हात कुठे जास्त तर कुठे कमी दाबतो. त्यासाठी ड्युअल अॅक्शन पॉलिशर घ्यावा. त्याचे पॅड फिरता फिरता हेलकावे घेते, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि नवख्या माणसाकडून रंग जळण्याचा धोका फार कमी होतो. रोटरी मशीन वेगाने काम करते, पण ते अनुभवी हातांतच असावे.

पॅडचा विचार पॉलिशइतकाच, कदाचित थोडा जास्तच करावा. तेच मधले पॉलिश लोकरीच्या किंवा मायक्रोफायबरच्या पॅडवर जोरात कापते, म्हणजे थर घासून काढते, आणि मऊ फोमवर नुसते उजळते. पॅडच्या रंगांना सर्व कंपन्यांत समान अर्थ नसतो. एका कंपनीचे नारिंगी पॅड दुसऱ्या कंपनीच्या नारिंगीसारखे असेल असे समजू नये. पूर्ण गाडीसाठी एकाच प्रकारची किमान चार-पाच पॅड हवीत, कारण निघालेला रंग आणि वापरलेले पॉलिश यांनी भरलेले पॅड कापणे थांबवते आणि स्वतःच रेषा पाडू लागते. मी पहिल्यांदा दोनच पॅड घेतली होती आणि दुपारपर्यंत ती चिखलासारखी झाली; चांगल्या पॉलिशला दोष देत बसलो, चूक पॅडची होती.

टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, चुलीची राख यांचा मोह टाळावा. या वस्तूंतल्या कणांचा आकार गाडीच्या रंगासाठी ठरवलेला नसतो, आणि एक रेष घालवताना भोवती मंद, धुरकट पट्टा उमटतो.

प्रत्यक्ष निवड कशी करावी

गाडी धुऊन, क्ले बारने (मातीसारख्या मऊ वडीने) रंगात रुतलेले कण काढून, बॉनेटवर दीड-दोन फुटांचा एक चौकोन पट्टीने आखावा. त्यावर हाताशी असलेले सर्वांत बारीक पॉलिश आणि सर्वांत मऊ पॅड आधी वापरावे. वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, मशीनचा वेग मध्यमाच्या थोडा वर, हात सावकाश, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत चार ते सहा फेऱ्या, मग अल्कोहोलने पुसून तिरप्या प्रकाशात पाहणे. समाधान झाले नाही तर पॉलिश तेच ठेवून पॅड थोडे कडक घ्यावे. तरीही नाही तर पॉलिश एक पायरी जाड करावे. अशा रीतीने चढत जाऊन ज्या पायरीवर काम झाले तिथेच थांबावे आणि तीच जोडी संपूर्ण गाडीवर वापरावी. दुकानदार किंवा शेजारी काय सांगतात यापेक्षा हा चौकोन जास्त खरे सांगतो, कारण क्लिअर कोट गाडीगणिक मऊ किंवा कडक असतो आणि एकाच गाडीचे पुन्हा रंगवलेले दार उरलेल्या पॅनेलपेक्षा वेगळे वागू शकते. पॅडवर गाडीचाच रंग उतरू लागला तर ताबडतोब थांबावे: एकतर त्या पॅनेलवर पारदर्शक थर मुळातच नाही, किंवा तो संपला आहे.

माझ्या गाडीवर मेन्झेर्ना ३८०० आणि मऊ पॅड यांनी चमक आली, जाळी गेली नाही. तेच मधल्या फोमवरही अपुरे पडले. २५०० आणि मधला फोम यांनी बहुतेक सर्व जाळी निघाली, अल्कोहोलने पुसल्यावरही ती परतली नाही, आणि शेवटी ३८०० ची एक हलकी फेरी पुरेशी झाली. ४०० ची बाटली मी आधीच विकत घेऊन ठेवली होती. ती अजून उघडलेली नाही.

वेळ डिसेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात, सकाळी, सावलीत, अशी निवडावी. एप्रिल-मे महिन्यांत, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, तर नाहीच, पॉलिशिंगचा विचार करू नये. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश पसरण्याआधी सुकते, पॅड कोरडे घासते आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पांढरे डाग पडतात. संरक्षणासाठी कार्नोबा मेणाची झळाळी सुंदर असते, पण आपल्या उन्हाळ्यात ती काही आठवड्यांपुरतीच टिकते असा माझा अनुभव आहे. फेब्रुवारीत कृत्रिम सीलंट लावले तर पावसाळ्यापर्यंत पाण्याचे थेंब घरंगळताना दिसतात.

हे काम करून आता दोन हिवाळे झाले. कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या दिव्याखाली गाडी उभी करून मी अधूनमधून बॉनेट पाहतो. थोड्या नव्या रेषा आल्या आहेत, त्या दिव्याच्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. चालकाच्या दारावर नख अडकणारा एक जुना ओरखडा आहे, त्याच्या कडा तेवढ्या बोथट केल्या आणि तो तसाच राहू दिला आहे.